होडीवरची हजेरी

मालवण, ४ ऑक्टोबर २०२०

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या घरी रेंज नाही, म्हणून हे पत्र. इथे मीही रेंजसाठी रोज डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर चढते आणि काजूच्या झाडाला टेकून फोनवरून पाचवीला शिकवते. काळ्या चौकोनांशी बोलून घसा बसला आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही वाडीभर पेढे वाटलेत, आणि मला अपूर्णांक समजावता येईनात. सोडून घरी यावं असं रोज वाटतं.

सृष्टी नावाची मुलगी रोज दहाला ‘हजर’ लिहिते. प्रश्न विचारला तर आवाज नाही, वहीचा फोटो नाही. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी नावं सतरा तारखेपर्यंत द्यायची आहेत. तिचं वगळणार आहे. खोटी हजेरी मला सहन होत नाही.

आईला नमस्कार.
आपली,
दिव्या

वैभववाडी, ८ ऑक्टोबर

चि. दिव्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व बरे. तुझी आई विचारते, मास्तरीणबाय जेवतात की नुसत्या रागावतात? माका मोबाईलातला काय कळणा नाय. पण चौथीत तू तापाने आठ दिवस घरी होतीस, तेव्हा गुरुजी घाटी चढून आपल्याकडे आले होते. नाव गाळण्याआधी तिचे घर बघून ये गो. नोकरी सोडायची तर मग सोड.

तुझो बाबा,
हरिश्चंद्र

मालवण, १६ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न.

काल जाऊन आले. मास्क लावून अंगणातच उभी राहिले. सृष्टी मला बघून आईमागे लपली. घरात फोन एकच, तो पहाटे तिच्या वडिलांबरोबर समुद्रात जातो. ‘हजर’ तेच, शंकरभाऊ, लिहितात! होडीवर माझा तास ऐकतात आणि संध्याकाळी जाळं शिवताना मुलीला शिकवतात. खाऱ्या पाण्याने कॅमेरा गेला, म्हणून फोटो नाहीत. पुरुषाचा आवाज ऐकून बाई मुलीचं नाव काढून टाकतील, म्हणून गप्प. मान खाली घालून म्हणाले, बाई, माझी चौथीच झाली, खंय चुकलंय तां सांगा.

वही बघितली. पाऊण त्यांनी बांगडा कापून समजावला होता. चारातला एक तुकडा मांजराला. एकच गणित चुकलं होतं. ते मीच चुकीचं सांगितलं होतं.

सृष्टीचं नाव दिलं. आज तास सुरू करताना म्हटलं, शंकरभाऊ, आवाज चालू केलात तरी चालेल. पलीकडून आधी वारा आला, मग इंजिनाची धडधड, मग चारपाच पुरुषांचं एकदम ‘हजर, बाई’.

दमले आहे, पण एवढ्यात येत नाही. उद्या भागाकार आहे. आशीर्वाद असू द्या, दमलेलीला जरा जास्तच.

आपली,
दिव्या