लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबते तेव्हा

ती. ताईच्या चरणी नमस्कार, आणि पायांची सूज उतरली नसेल तर जरा लांबूनच. मागच्या पत्रात तू गुडघ्यांवर दीड पान लिहिलंस आणि स्वतःवर दोन ओळी, त्यामुळे गुडघ्यांची खुशाली मला तोंडपाठ आहे, तुझी नाही. सूनबाईंना आशीर्वाद. इकडे मी मजेत आहे. हृदय कुरकुरतं पण कामावर हजर असतं, साखर भरपूर, चरबी भरपूर, म्हणजे घरात कशाची कमतरता नाही. पत्रास कारण असं काही नाही.

सांगायचं एवढंच की मला इस्पितळातल्या एका प्रयोगात घेतलंय. हृदयाचं दुखणं आणि साखर दोन्ही असलेली माणसं त्यांना हवी होती, आणि जन्मात पहिल्यांदाच माझी पात्रता गरजेपेक्षा जास्त भरली. तिथली डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण समजावते छान. तिचं म्हणणं असं, की खाल्ल्या अन्नाचं शरीरात जे जे होतं, साखर म्हण, चरबीची आम्लं म्हण, धावल्यावर स्नायूंत बनणारं लॅक्टेट म्हण, ते नुसतं इंधन किंवा राख नसतं, तो निरोपही असतो. पेशींच्या अंगावर तो निरोप ओळखणारे रिसेप्टर असतात. पदार्थ बाहेरून नुसता टेकला की आत कामं सुरू. मी म्हटलं, बाई, हे तर लिफ्टचं बटण झालं. दाबणारा मजल्यावरच उभा असतो, वरच्या यंत्राच्या खोलीत त्याचं पाऊलही पडत नाही, तरी तिथलं चाक फिरतं. (उभी हयात लिफ्टा दुरुस्त करण्यात घालवली, तिचा हा एवढाच शास्त्रीय उपयोग.) ती खूश झाली. पुढे म्हणाली, चरबी सारखी येऊन टेकत राहिली की काही रिसेप्टर दाद देईनासे होतात, आणि उलट निरोप बरेच दिवस आलाच नाही, तर काही पेशी जास्तीचे रिसेप्टर बाहेर काढून वाट बघत बसतात. हे दुसरं मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. कारण ताई, आमची ही गेल्यापासून माझं तेच झालंय. लिफ्ट हलली की ती कुठून निघाली, आत एकटं माणूस आहे की दोघं, हे मला खुर्चीतून कळतं. आमच्या मजल्यावर थांबली की मी दाराशी. (येतं काय, तर समोरच्यांचं पार्सल.)

आता गंमत ऐक. तिथे आधी रक्त घेतात, मग फिरत्या पट्ट्यावर चालवतात, मग चक्कर आणणारं एक औषध देतात, म्हणून घरचं माणूस सोबत आणायची ताकीद होती. माणूस खाली गाडीत बसलंय, असं ठोकून द्यायचं मी ठरवलं होतं. सकाळी उपाशीपोटी निघायच्या तयारीत, आणि लिफ्ट थांबली. मी मोज्यांवरच बाहेर. पार्सलच होतं. मागे दार धाडकन बंद, किल्ली आत, बूट आत, चष्मा आत. समोरच्यांच्या फोनवरून किल्लीवाल्याला बोलावलं. त्यानं कुलूप इतक्या चटकन उघडलं की त्या कुलपाच्या भरवशावर इतकी वर्षं निर्धास्त झोपल्याची मला लाज वाटली. मग वेळ भरत आली होती म्हणून (आणि तो चेहऱ्यानं घरंदाज वाटला म्हणून) मी त्याला विचारलं, दुपारपर्यंत माझा मेहुणा होशील का. तो हो म्हणाला.

तो नको तितका मेहुणा झाला. नर्सनं विचारलं, रात्री घोरतात का, तर हा कळवळून म्हणाला, फार. घराण्यात कुणाला हृदयविकार, तर त्यानं जागच्या जागी एक काका मारला. (लक्षात ठेव, आपले एक काका ऐन जेवताना गेले. कुणी विचारलं तर घोळ नको.) आहारवाल्या बाईंनी लोणी आणि मीठ बंद करायला सांगितलं, तेव्हा हा माझ्या वतीनं हुज्जत घालायला लागला, की एवढं एकदम कसं जमेल, माणूस खाणार काय. मी दंडात सुई घेऊन पडलो होतो आणि माझ्या जेवणावरून दोन माणसं भांडत होती. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. डोळेही भरले, ते मी औषधावर ढकललं.

परत येताना तो दारापर्यंत आला, मला माझ्याच किल्लीनं दार उघडून दाखवायला लावलं, आणि म्हणाला, “काका, दुसरी किल्ली कुणाकडे असते?”

“कुणाकडे नाही. एक ताई आहे, पण ती फार लांब असते.”

“मग तिच्याकडे द्या. जवळ कोण आहे असं मी विचारलंच नाही.”

आणि बसल्या जागी एक किल्ली घासून देऊन गेला. असो. बाकी सर्व क्षेम. उत्तराची घाई नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. एक राहिलंच. प्रयोगाचे पुढचे सहा आठवडे सख्खं भावंड त्याच घरात, त्याच टेबलावर, तेच जेवण जेवणारं लागतं. रक्त एक, जेवण एक, मग रिसेप्टर काय म्हणतात ते बघायचं. विज्ञानाचं काम असल्यामुळे तुला नाही म्हणता येणार नाही.

ता. क. २. सूनबाईंनाही विज्ञानच सांग. गुडघ्यांची काळजी नको, लिफ्टला मी स्वतः तेलपाणी केलंय. (त्यावरून इमारतीच्या सेक्रेटरीनं मला झाडलं, पण ती आता लोण्यासारखी चालते. लोण्याचा तेवढाच संबंध उरलाय.)

ता. क. ३. ताई, असा काही नियम नाही. मी डॉक्टरीणबाईला विचारलं होतं, माझी बहीण लागेल का. ती म्हणाली, प्रयोगाला नाही लागणार, तुम्हाला लागेल का? मी हो म्हणालो. पाकीट जड लागलं असेल, त्यात किल्ली आहे.