दोन्ही हिरो साफ दिसले

पुणे

सौ. कुसुमले मोतीरामचा मनापासून जय भीम.

डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, काळजी करू नको. काल आपली करुणा मले टॉकीजमध्ये घेऊन गेली. लग्नानंतर आपण पांढुर्ण्याले पाह्यला होता, तोच मारधाडीचा पिक्चर पुन्हा लागला आहे. दोन्ही हिरो आता म्हातारे झाले म्हणे, पण पडद्यावर तसेच जवान! मारामारी सुरू झाली अन् मी जोरात शिटी मारली.

करुणा म्हणे, "बाबा, लोक पाहून राहिले!"

म्या म्हटलं, "पाहू दे, मी बी पाहूनच राहिलो!"

दुसऱ्या डोळ्याचं डॉक्टर अजून पक्कं सांगत नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

पुढच्या आठवड्यात येतो. स्टेशनवर घ्याले तूच ये. लई वर्षांनी तुझा चेहरा नीट पाहाचा आहे.

तुझाच,
मोतीराम