डावीकडचा ओंडका

स्मिथटन, ४ मे

ती. बाबांना लांबूनच, पण वाकून नमस्कार. मर्लकाकू हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणार, म्हणून शेजारधर्माचा सा. न. त्यांनाही. (काकू, माझ्या अक्षराला हसायचं नाही.)

पुढच्या हिवाळ्यापर्यंत तुमची नजर टिकेल असं डॉक्टर काही म्हणत नाहीत, आणि तुम्ही मागून मागितलंत काय, तर आईच्या झाडाचा एक फोटो. तुमचा कॅमेरा घेऊन रविवारी जंगलात गेले. ज्याच्या बुंध्याशी आईची रक्षा ठेवली तो म्हातारा मर्टल वृक्ष तसाच उभा आहे, शेवाळ पांघरून. पण बाबा, फोटोत तो सापडतच नाही हो! डोळ्यांना एवढा स्पष्ट दिसतो आणि कागदावर नुसता हिरवा पसारा. शाळेत मुलांना दाखवला तर म्हणाली, बाई, यात काय शोधायचंय? वर पायमोज्यातून जळवा घरी आल्या त्या वेगळ्याच. इतकी वर्षं जंगलाचे फोटो काढताना तुम्ही हे कसं जमवलंत? मला शिकवा. तुम्हाला तो फोटो बघायला मिळालाच पाहिजे.

तुमचीच,
ब्रॉन

होबार्ट, ११ मे

चि. ब्रॉनला अ. आ. मी सांगतोय, मर्ल लिहितेय आणि मध्येमध्ये स्वतःचं घुसडतेय. तिकडे लक्ष देऊ नकोस. (अजिबात घुसडत नाही. – मर्ल)

अगं, माणसाचा डोळा हवं तेवढंच बघतो, कॅमेऱ्याला तेवढी अक्कल नाही. आधी तो खाली ठेव आणि झाडाभोवती नुसती फिर. जरा बाजूला सरकलं की पुढच्या खोडाआड लपलेलं खोड सुटं होतं. खोडाखोडांत फट दिसायला हवी. आभाळ चौकटीत घेऊ नकोस, पानांतल्या पांढऱ्या भोकांकडेच नजर पळते. ऊन असेल तर सरळ घरी जा. धुकं उतरू दे, मागची गर्दी ते पुसून टाकतं. आणि बटण दाबण्याआधी चारी कडा तपास. कडेला अर्धवट घुसलेलं काही नको. मर्टल मधोमध, बाकी सगळं बाहेर.

घाई करू नकोस. पण फार रेंगाळूही नकोस, पोरी. आणि चहा बरोबर ने, त्या जंगलात थंडी हाडांत शिरते.

तुझा,
बाबा

स्मिथटन, २५ मे

ती. बाबांना सा. न. काकूंना हातात हात.

अखेर धुकं भेटलं. मागची झाडं पुसट झाली आणि मर्टल असा पुढे आला की मी बटण दाबायचं विसरले. फोटो सोबत आहे. कडा अगदी स्वच्छ ठेवल्यात. डावीकडून तो पडलेला ओंडका सारखा डोकावत होता, त्यालाही बाहेर काढलं. त्यावर बसून आई विणायची आणि तुम्ही ओरडायचात, आयव्ही, पाय आत घे, कडेला बूट येतोय! मग ती म्हणायची की ह्या माणसाला लग्नाच्या फोटोतसुद्धा मी अडचणच झाले असेन. आठवलं आणि एकटीच हसले. मग रडलेही.

कसा झालाय ते खरं सांगा. माझं मन राखू नका.

तुमचीच,
ब्रॉन

होबार्ट, १ जून

चि. ब्रॉन, तुला माझेही आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बाबांना ठाऊक नाही. तुझा फोटो हातात घेऊन त्यांनी वाहवा केली, कडा किती नेटक्या आहेत ते मला बोट ठेवून दाखवलं, आणि भलीमोठी शाबासकी माझ्याकडून लिहून घेतली. ती मी टपालपेटीत टाकली नाही. फोटो त्यांनी उलटा धरला होता गं.

मधलं त्यांना आता काहीच दिसत नाही. मधोमध करडा डाग आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं. माझ्याशी बोलतात तेव्हा माझ्या कानाकडे बघतात. कप समोर ठेवला तर सांडतो, बाजूला ठेवला तर बरोबर सापडतो. तू झटतेयस म्हणून तुला सांगवत नाही त्यांना. मीही गप्प राहिले असते, पण त्या उलट्या फोटोनंतर राहवेना. चहाडी केली म्हण हवं तर.

तुझी,
मर्लकाकू

स्मिथटन, १५ जून

ती. बाबांना सा. न.

आधीच सांगते, नियम मोडलाय. ओरडायचं ते बघून झाल्यावर ओरडा.

नवा फोटो पाठवतेय, काकूंच्या जेवणाच्या टेबलाएवढा मोठा करून. मर्टल मधोमधच आहे. तो तुम्हाला पाठ आहे, दिसला नाही तरी चालेल. पण ह्या वेळी मी बरीच मागे सरकले आणि डावी कड घाण होऊ दिली, मुद्दाम. मागच्या बाजूला बाण काढलाय, काकू, त्याचं टोक वर येऊ दे. बाबा, फोटोसमोर अगदी जवळ बसा. सरळ झाडाकडे बघा आणि मान हलवू नका.

काकूंवर रागवायचं नाही, माझी शपथ.

तुमचीच,
ब्रॉन

होबार्ट, २२ जून

चि. ब्रॉनला अ. आ.

मर्लला मी बरंच बोललो, तिने मला त्याहून जास्त ऐकवलं. (खरं आहे. – मर्ल) दोन दिवस अबोला होता, मग गरम पाव घेऊन आली.

फोटो भिंतीवर लावला. जवळ खुर्ची ओढून बसलो. झाडाकडे बघितलं, तर नेहमीचा डाग. मर्टल त्यात गेला. आणि मग डावीकडे, अगदी कडेला, ओंडका दिसला. सगळा शेवाळलेला, फक्त एका ठिकाणी उघडा. बसून बसून तुझ्या आईने घासलेली जागा, अजून तिथे शेवाळ धरलेलं नाही. मर्लने विचारलं काय दिसतंय. मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

मर्ल दुकानातून लाकडी चौकट घेऊन आली होती. मी परत पाठवली. त्या चौकटीने कड झाकली गेली असती.

वळून बघायला गेलो की ओंडका डागात जातो, म्हणून मान हलवत नाही. समोर झाडाकडे बघत बसतो. जंगलातही मी झाडाकडेच बघायचो, आणि ती अशीच कडेला दिसत असायची.

तुझा,
बाबा