गारठलेल्या चिंबोरीचा डोळा

आई, तुला एक गोष्ट सांगायचीये, पण सरळ तिथेच गेले तर तुला काही कळणार नाही. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. आता एमएस्सी करतेय, झूऑलॉजी, कल्याणच्या कॉलेजात. माझं मराठी लिहिणं तुला माहितीये, ऱ्हस्व-दीर्घ तर सोडूनच दे. माझा फेव्हरेट विषय कुठला सांगू? थंडी. अंग गार पडलं की प्राण्यांच्या आत काय होतं, ते कसे तग धरतात, परत कसे उठतात. मैत्रिणी म्हणतात, ठाण्यात बारा महिने घाम गाळतो आपण, हिला थंडीचं कसलं वेड लागलंय? त्यांना काय माहीत, हा विषय मला तुझ्या थर्माकोलच्या खोक्यात मिळालाय.

तो खोका अजून दिसतो मला. खोपटच्या एसटी डेपोमागे बाजारात तुझी जागा, आणि तुझ्या पायाशी तो. तळाला बर्फ, त्यावर पेपरचा जाड थर, त्यावर खाडीच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट, आणि मग सुतळीने नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या, एकीला एक टेकून. खोक्याच्या बुडाला तू खिळ्याने भोकं पाडलेलीस. मी विचारलेलं, हे कशाला? तर म्हणालीस, "बर्फाचं पाणी साचलं की मरतील गो त्या." मला जाम हसू आलेलं. पाण्यातला खेकडा पाण्यात कसा मरेल? आता कळतं. साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, वर ते गोडं पाणी. त्यापेक्षा कल्ले नुसते ओले राहिले तर चिंबोरी हवेतसुद्धा जगते. आणि गारव्यात तिचं हृदय इतकं सावकाश चालतं की थोडक्यात भागतं तिचं. हे समजायला मला दोन वर्षं लेक्चरं ऐकावी लागली. तू खिळा घेऊन बसलेलीस आणि काम संपवलेलंस.

तुझ्या चिंबोऱ्या जिवंत असतात, यावर तुझं सगळं नाव होतं. मेलेली चिंबोरी कोणी घेत नाही. "माझ्याकडची मेलेली निघाली तर तोंडावर आणून टाका," असं तू गिऱ्हाइकाला सांगायचीस. आणि त्या शनिवारी, मी सातवीत, शाळेतून थेट बाजारात आलेली, टाय पण काढला नव्हता. एक काका चिंबोरी हातात घेऊन उभे.

"ही मेलीये बाई."

"मेली नाय काका, गारठलीय. जरा थांबा, चहा मागवते तुम्हाला."

"चहा मी पिणार आणि जिवंत ही होणार?" आजूबाजूचे हसले. काका माझ्याकडे वळले. "बेटा, तू शिकलेली दिसतेस. तू सांग."

मी चिंबोरीच्या डोळ्याला बोट लावलं. काहीच हललं नाही. आम्हाला त्याच आठवड्यात रिफ्लेक्स शिकवलेलं. मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "डेड आहे, अंकल. रिफ्लेक्स नाहीये."

काकांनी चिंबोरी टाकली आणि निघाले. मागे उभ्या दोघी बायकांनी आपापल्या हातातल्या परत ठेवल्या. शेजारची बोंबील विकणारी मावशी ओरडली, "अगं बाई, घरचाच साक्षीदार फुटला गो!" तू चिंबोरी उचललीस, सावलीत ओल्या गोणपाटावर ठेवलीस आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलीस. मी धावत जाऊन टपरीवरून ग्लासभर गरम पाणी आणलं, तिच्यावर ओतणार इतक्यात तू माझं मनगट धरलंस. जोरात. "शिजवतेस काय आत्ताच? हळू आणायचं असतं तिला. एकदम ऊन दिलंस तर खरंच मरेल."

मग मी नुसती बसून बघतेय. बराच वेळ काही नाही. मग तिच्या तोंडाशी बारीक फेस. मग एक पाय, टोकाला, जरासा. मी डोळ्याला परत बोट लावते, आणि डोळ्याचा तो देठ एवढा सावकाश, एवढा आळसात आत जातो की मी किंचाळतेच. मावशी म्हणते, "आता बोलाव तुझ्या अंकलला!" मी डेपोच्या गेटपर्यंत पळत गेले. ते दिसले नाहीत. परत कधीच आले नाहीत, आणि त्या दोघी बायकाही दुसरीकडून घ्यायला लागल्या. मी रडकुंडीला आलेले. तू म्हणालीस, "जाऊ दे. तू बघितलंस ना?"

पुढच्या रविवारी तू खोका माझ्याकडे सरकवलास. म्हणालीस, आजपासून बघायचं काम तुझं. "बोट नको लावू, तुझं बोट गरम. सुतळीचं टोक लाव. आणि मग थांब. वीस मोज. गारठलेला जीव उत्तर उशिरा देतो." आई, तू शाळेत चौथीपर्यंत गेलेलीस. मी आजपर्यंत कुठल्याही सरांकडून यापेक्षा भारी वाक्य ऐकलं नाहीये.

तुला किती काय सांगायचं राहिलंय! एक बेडूक आहे, लांबच्या थंड देशातला, तो हिवाळ्यात चक्क गोठतो. हृदय बंद, श्वास बंद, अंगात बर्फ. पण त्याआधी तो रक्तात खूप साखर सोडतो, त्यामुळे त्याच्या पेशी वाचतात. हिवाळा सरला की वितळतो आणि उड्या मारत निघून जातो. आणि एक खार, तिचं अंग बर्फाइतकं गार होतं, महिनोन् महिने, आणि उठायची वेळ आली की आपलीच चरबी जाळून, कुडकुडत, स्वतःच स्वतःला गरम करते. तू म्हणाली असतीस, "खोटं बोलतेस." मग परत विचारलं असतंस, "साखर कुठून आणतो पण तो?"

आता ती गोष्ट. हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणूनच लिहितेय. मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला सरांनी बर्फात ठेवलेल्या चिंबोऱ्या आणल्या. एक हलेना. सर म्हणाले, ही गेली, टाकून द्या. मी म्हटलं, "सर, थांबा ना." ओला कपडा पसरला, तिला त्यावर ठेवलं, जरा वेळाने दोऱ्याचं टोक डोळ्याला लावलं, आणि मोजायला लागले. सतराला डोळा आत गेला. अख्खी लॅब टाळ्या वाजवतेय, सर एकदम खूष. म्हणाले, "क्या बात है! हे कुठे शिकलीस तू?"

आई, मी म्हणाले, "वाचलेलं कुठेतरी, सर."

त्यांनी विचारलं, कुठल्या पुस्तकात? मी म्हटलं, आठवत नाही.