मामाचा हक्क

प्रिय सुयोग,

फोनच करणार होते, पण फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस आणि माझा आवाज चढतो. म्हणून लिहितेय. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा जरा सांभाळून वाच.

रविवारी दिंडोशीला आईकडे जेवणं झाल्यावर तू नेहमीसारखं सईला धरलंस आणि गुदगुल्या केल्यास. आधी ती खिदळली, मग म्हणाली, मामा, थांब. पुन्हा म्हणाली, पाय झाडले, डोळ्यांत पाणी आलं. तू काय म्हणालास? थांब म्हणजे अजून कर! सगळे हसले. मी मध्ये पडले तर मलाच वेड्यात काढलंत. आई तर सरळ म्हणाली, "मामाचो हक्क आसता तो. तो काय परको?"

तू परका नाहीस हे मला कुणी सांगायला हवं का? सईचं जावळ तुझ्या मांडीवर काढलं, तेव्हा तिच्याबरोबर तूही रडलास. तिला ताप आला की तू कामं टाकून मुलुंडला येतोस. तुझ्या मनात वाईट काही असेल, असं मला स्वप्नातही वाटणार नाही. पण वर्षभर मी त्या पोरीच्या मागे लागून शिकवतेय, की तुझं अंग तुझं आहे, तू नको म्हणालीस की समोरच्याने थांबायचं, मग तो कुणीही असो. आणि एका दुपारी तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यावर पाणी फिरवता. वैताग येणार नाही तर काय होईल?

काल सईच्या शाळेत याच विषयावर तास होता, पालकांनाही बसवलं होतं. बाईंनी विचारलं, नको म्हणूनही कुणी थांबलं नाही तर काय कराल? मुलं पाठ केल्यासारखी सांगत होती, ओरडू, पळू, आईला सांगू. सईने हात वर केला. मी ऐटीत ताठ बसले, शिकवण माझी ना! ती म्हणाली, "हसायचं. रडलं की जास्त चिडवतात. हसत राहिलं की कंटाळून सोडतात."

अरे, हे तिला आपल्याच घरात शिकायला मिळालं, लाडात. उद्या खरंच कुणी वाईट माणूस भेटला तर ही पोर त्याच्यासमोर हसत राहील. माझ्या सांगण्याने आता भागणार नाही, म्हणून तुला लिहिलं. या रविवारी आईकडे ये, हवं तेवढं खेळव तिला. आणि ती थांब म्हणाली की त्याच क्षणी हात मागे घे, आईच्या देखत.

तुझीच,
श्वेताताई