शेवटच्या ओळीतला वरचा सूर

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. अकरा वर्षं माझी पत्रं न फोडता परत येतात, म्हणून या वेळी पाकिटावर अक्षर तुझ्या वहिनीचं आहे.

इकडे बरं आहे. गुडघे कुरकुरतात. डबल बास, शवपेटीएवढ्या खोक्यातलं ते माणसाहून उंच तंतुवाद्य, जिन्यावरून उतरवताना खालचे आजोबा अजून विचारतात, "आज कुणाला पोचवताय?"

वाद्यवृंदातून निवृत्त होतोय, त्या कार्यक्रमात एकट्यानं वाजवायचंय. तुझ्या धाकट्या चेलोवरची ती संथ बरोक धून, पूर्वीच्या युरोपातल्या नाचाची, माझ्या थोरल्या डबल बासवर बसवतोय, तुझ्याच जुन्या स्वरलिपीच्या प्रतीवरून, पेन्सिलखुणांसकट. तुला जे चार बोटांत मावायचं, त्यासाठी मला हातभर धावावं लागतं. खाली उतरवलं की सूर चिखलात रुततात, म्हणून पट्टी बदलली. तीन सूर एकदम आले की एक गाळावा लागतो. कुठला गाळला तर ऐकणाऱ्याला कळणार नाही, एवढीच काय ती हुशारी. त्यात मी तयार आहे.

काल वहिनी म्हणाली, "शेवटच्या ओळीपाशी रोज थांबता. काय अडलंय?"

"बोटं."

"बोटं नाहीत," म्हणाली आणि आत गेली.

वाद्यवृंदात तुझी निवड व्हायची होती, त्या दिवशी मी परीक्षकांत होतो. वाजवणारा ओळखू येऊ नये म्हणून मध्ये पडदा होता, पावलं ऐकू येऊ नयेत म्हणून गालिचा. तू त्या वरच्या सुराआधी नाकानं श्वास ओढलास. लहानपणी एका पांघरुणात ऐकलेला श्वास. तुला वाटतं, मी तुझ्यासाठी बोललो नाही, गप्प बसलो.

मी गप्प बसलो नव्हतो. मी म्हणालो, "वरचा सूर उतरला." माझ्या कानांवर सगळ्यांचा भरवसा. कुणी वाद घातला नाही.

सूर उतरला नव्हता. वादकांची खोकी वाहता वाहता, ऐकून ऐकून शिकत मी वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत पोचलो होतो. तू पुढे बसला असतास, आणि मी जन्मभर तुझा भाऊ म्हणून ओळखला गेलो असतो. तू चेलो विकलास त्या दिवशीही मी काही बोललो नाही.

आता नेमका त्याच सुरापर्यंत माझा हात पोचत नाही. गाळला तर कुणाला कळायचं नाही. तिथं जागा कोरी ठेवलीय. सोबत पानं आहेत. माझं तोंड पाहू नकोस, पण तो सूर तुझ्या पेन्सिलीनं भरून पाठव. पानं तशीच आली, तर मी वाजवणार नाही.

पडद्याआडूनही तुला ओळखलेला,
दादा