शेवटचा परिच्छेद आधी

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.,
आणि त्याच दमात भांडायची परवानगी मागते.

तुझं बाड मिळालं. पोस्टमनने ते दारात टेकवलं आणि आत विटा भरल्यात का, असं विचारलं. प्रकाशकांनी एकदा परत केलेल्या कादंबरीला विटा म्हटलेलं मला मुळीच आवडलं नाही. मी त्याला सांगितलं की माझी आत्या वीस वर्षं युद्धाच्या बातम्या पाठवत होती आणि आता पुस्तक लिहितेय. तो म्हणाला, मग सही करा.

वाचनालयातला टाइपरायटर मला कामाची वेळ संपल्यावर वापरायला मिळतो. पहिली चार प्रकरणं टाइप झाली. आईला वाटतं की घरातली पहिली पदवीधर टायपिस्ट होऊन बसली. बाबा फक्त कागद पुरतोय का विचारतात आणि विचारायच्या आधीच आणून ठेवतात.

आता भांडण. तू प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत कोण मेलं ते सांगून टाकतेस. पूल पडला, इतके गेले, अमुक सेनापतीने इन्कार केला. मग पुढची वीस पानं मी कशासाठी वाचायची? प्रकाशकांचं म्हणणं हेच होतं का? राग आला तर पत्रातच काढ, फोनवर नको. फोनवर तू फार ओरडतेस.

तुझ्यावर खूप विश्वास असलेली,
तुझी भाची

९ मार्च

चि. पदवीधरबाईंना,
अनेक आशीर्वाद. त्यांतला एक कमी बोलण्याचा.

फोनवर मी ओरडते कारण डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. तो कान तोफखान्याकडे जमा आहे. उरलेल्या कानाने प्रकाशकांचं ऐकलं. ते म्हणाले की बाई, ही तीनशे पानांची बातमी आहे, कादंबरी नाही. मे अखेरपर्यंत सुधारून दिली तर बघू, नाहीतर राहिलं.

तू विचारलंस म्हणून सांगते. तळघरातून, हॉटेलच्या जिन्याखालून, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत बसून मी फोनवर बातमी सांगितली आहे. लाइन कधी तुटेल याचा नेम नसे. म्हणून मोठी गोष्ट आधी सांगायची. शिवाय इकडे पानावर जागा कमी पडली की उपसंपादक कात्री घेतो आणि खालून कापत वर येतो. जे गेलं तरी चालेल ते शेवटी ठेवायचं, हे हाताच्या हाडात बसलंय. दुसरी सवय अशी की दोन माणसांनी सांगितल्याशिवाय मी काही लिहीत नाही. कादंबरीतल्या बाईच्या मनात काय चाललंय याला साक्षीदार कुठून आणू?

खरं सांगू? संपादकांचा निरोप आलाय. पूर्वेकडे पुन्हा पेटलंय, आणि मी निघत असेन तर ते तिकीट काढतील. मला ते काम येतं. हे येत नाही. तुझ्या बापाला एवढ्यात सांगू नकोस, उगाच घरभर फेऱ्या मारत बसेल. टायपिंग थांबव आणि वाचनालयाची पुस्तकं लाव.

तुझी माया मला हवीच आहे, सल्ला तेवढा नको.
आत्या

१५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.,
सल्ला सोबत जोडला आहे.

टायपिंग थांबवलं नाही. पाचवं प्रकरण मी खालून वर टाइप केलं. शेवटचा परिच्छेद आधी, पूल सगळ्यात शेवटी. चुकून नाही, ठरवून. रागावण्याआधी एकदा वाच.

तुझ्या त्या परिच्छेदात एक इस्त्रीवाली आहे. गाव रिकामं होतंय, वीज गेलीय, आणि ती कोळशाच्या इस्त्रीने निघून गेलेल्या लोकांचे शर्ट इस्त्री करतेय. प्रत्येकाला चिठ्ठी लावून खुंटीवर टांगतेय, कारण परत आल्यावर गिऱ्हाईक म्हणेल की माझा शर्ट कुठाय. आत्या, हे तू पानाच्या तळाशी टाकलंस! कुणी कापलं तरी चालेल म्हणून! मी वाचनालयात बसून रडले, आणि ग्रंथपालांना वाटलं की मला नोकरीचा कंटाळा आला.

बाकीची प्रकरणंही चाळली. प्रत्येकाच्या शेवटी असंच काहीतरी दडलंय. तुझी कादंबरी लिहून झालेली आहे, फक्त ती उलटी उभी आहे. आता कुणाच्या हातात कात्री नाही. लाइनही तुटणार नाही.

राहता राहिला साक्षीदार. ही बाई तू स्वतः पाहिलेली दिसतेय; त्या दुकानात तू आणि ती, दोघी होतात. दोन माणसं झाली की!

जाऊ नकोस. मोठ्या माणसांना असं सांगू नये हे मला कळतं, तरी सांगते.

तुझ्या रागाची वाट पाहणारी,
भाची

२ एप्रिल

चि. आगाऊबाईंना,
आशीर्वाद, दात-ओठ खाऊन.

तुझं पाकीट मी केराच्या टोपलीत टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी काढलं. चहाचे डाग पडलेत, तेवढे माफ कर.

ही इस्त्रीवाली मी एकदा बातमीतही शेवटी टाकली होती, आणि ती छापून आली नव्हती. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. तुझे कागद वाचताना मात्र त्या दुकानातला कोळशाचा वास आला. मग बसले आणि ती इस्त्री फिरवताना काय विचार करत असेल ते लिहिलं. कुणी सांगितलेलं नाही, कुणाला विचारलेलं नाही. पहिलं वाक्य इतक्यांदा खोडलं की गोळीबारातही कधी इतकं खोडलं नव्हतं. पण दुपारपर्यंत ती बाई माझ्याशी भांडायला लागली. अगदी तुझ्यासारखी.

संपादकांना फोन करून सांगितलं की तिकीट काढू नका. ते म्हणाले, तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, इतकी बरी कधीच नव्हती.

आता सगळी प्रकरणं उलटी करतेय. काही फाडून नव्याने लिहितेय, कारण नुसती उलटून काम भागत नाही, तेवढं मलाही कळतं. कोरा कागद पाठव. तुझ्या बापाला म्हणावं, आणखी आण.

अशीच डोक्यावर बसत राहा.
आत्या

१८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, आणि या वेळी भांडण नाही.

काल प्रकाशनाच्या कार्यक्रमात तू स्टेजवर होतीस, त्यामुळे तुला खालचं दिसलं नसेल, आणि डाव्या बाजूचं तर ऐकूही आलं नसेल. म्हणून लिहिते.

खुर्च्या संपल्यावर शेजारच्या दवाखान्यातली बाकं आणली. तीही भरली, मग लोक जिन्यावर बसले. तू इस्त्रीवालीचं पान वाचत होतीस तेव्हा माझ्या पुढच्या म्हाताऱ्या बाईंनी नवऱ्याची कॉलर हाताने सरळ केली आणि हात तिथेच ठेवला. तुझे संपादक रांगेत उभे राहून पुस्तक विकत घेत होते. मागच्या माणसाला सांगत होते की या बाईंना आम्हीच घडवलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, बघ किती शहाणी झाले! प्रकाशक मला म्हणाले की पहिली आवृत्ती संपत आलीय आणि बाईंना दुसऱ्या कादंबरीचं आजच विचारायचंय. मी त्यांना सांगितलं की बाईंच्या उजव्या बाजूला उभं राहून विचारा.

पण पत्र लिहायला बसले ते बाबांसाठी. तुला एक गोष्ट माहीत नाही. इतकी वर्षं बाबांनी तुझी एकही बातमी वाचली नाही. सकाळी पेपर आला की ते उभ्या उभ्याच तुझं नाव शोधायचे. नाव छापलंय म्हणजे काल तू होतीस. मग पेपर घडी करून आईकडे द्यायचे आणि कामाला जायचे. ज्या दिवशी नाव नसे त्या दिवशी घरात कुणी त्यांच्याशी बोलत नसे.

आज रविवार. सकाळी त्यांनी तुझं पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठावरच्या तुझ्या नावावरून अंगठा फिरवला. आई आणि मी बघत होतो. मग त्यांनी चष्मा लावला, खुर्ची उजेडाकडे ओढली आणि पहिलं पान उघडलं. दुपार झाली, जेवायला हाक मारली तर हातानेच थांबा म्हणाले. अजून वाचताहेत.

आम्हा सगळ्यांची अशीच राहा, आणि इथेच राहा.
तुझी भाची